काउंटरपलीकडचा मास्क

जानेवारी आला की दोह्यातल्या आमच्या घरात दोन गोष्टी होतात. कपाटाच्या वरच्या खणातून स्वेटर खाली येतात, आणि मला राग येतो. स्वेटर दीड महिन्याने परत वर जातात. राग कुठे ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

आज सकाळी तीळ भाजायला घेतले आणि तो आलाच. अल मुंतझामधल्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर इतकं लहान आहे की कढईतले तीळ तडतडायला लागले की एखादा उडून फ्रिजच्या दारावर बसतो. खिडकी उघडी होती. बाहेर इथली हिवाळी हवा, कोरडी, धुळकट, आणि तरीही अंगावर बरी वाटणारी. खालच्या गल्लीत कुणीतरी गाडीतून भाजीचे खोके उतरवत होतं. अविनाश, म्हणजे माझा नवरा, दारात येऊन म्हणाला, "करपतायत." मी म्हटलं, "करपू देत." मग गॅस बंद केला, कारण तिळांचा यात काही दोष नव्हता.

चिक्कीचा गूळ कमी पडला म्हणून खाली कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्ये गेले. ते दुकान तेच आहे. गूळ ठेवायची जागाही तीच, पापडांच्या खाली, वाकावं लागतं. काउंटरसमोरच्या फरशीवर दोन-दोन पावलांच्या अंतरावर काळसर गोल डाग आहेत. महामारीत उभं राहायच्या खुणा म्हणून चिकटवलेले ते स्टिकर. स्टिकर खरवडून काढले, डिंक राहिला, डिंकावर धूळ बसली. फरशी पुसणारे रोज पुसतात, डाग जात नाहीत. लोक त्यावरून ट्रॉल्या नेतात आणि कुणाच्या काही लक्षात येत नाही. मी मात्र बरोबर त्या डागावर उभी राहते. दर वेळी.

गैरसमज नको. मी मास्कच्या विरोधातली नाही. नाशिकला माझे धाकटे दीर त्या लाटेत गेले आणि त्यांना निरोप द्यायला आम्हाला फोनचा पडदा तेवढा मिळाला. विमानं बंद होती. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी या दुकानात नाक, तोंड, हनुवटी झाकूनच आले. दारात कपाळावर तापमापक रोखायचे, फोनवरच्या सरकारी ॲपचा हिरवा रंग दाखवायचा, मग आत. चष्म्यावर वाफ यायची, गवार की चवळी ते कळायचं नाही. मी एका शब्दाने कुरकुर केली नाही. भीती सगळ्यांची एक होती, म्हणून झाकणंही सगळ्यांचं एक होतं. त्यात अपमान नव्हता.

मग एक दिवस बंधनं उठली. मला तो दिवस स्वच्छ आठवतो, कारण मी लिपस्टिक लावली होती. माझी मुलगी सई तेव्हा अकरावीत होती. ती म्हणाली, "आई, वी आर गोइंग टू बाय ओनियन्स." मी म्हटलं, "कांदे तर कांदे. कांद्यांना बघू दे माझं तोंड." दुकानात लग्नघरासारखा आवाज होता. लोक एकमेकांकडे बघून उगाच हसत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना खरोखर इतके मोठे दात होते हे मला दोन वर्षांनी समजलं. मोठी मजा वाटली. मजा काउंटरपर्यंत टिकली.

काउंटरवर पोहोचले तेव्हा पाहिलं, पलीकडे कुणालाच तोंड नव्हतं. कॅशवरच्या मुली, पिशव्या भरणारे, भाजी तोलणारा, दारातला सिक्युरिटी, सगळे निळ्या मास्कमध्ये. आणि अलीकडे आम्ही, गिऱ्हाईक, उघडे, हसरे, लिपस्टिक लावलेले. मधे तो काळा सरकता पट्टा. दारात पाटी होती: ग्राहकांसाठी मास्क ऐच्छिक, कर्मचाऱ्यांसाठी सक्तीचा. पाटीवर एक हसरा चेहरा काढला होता. निदान चित्र काढणाऱ्याने तरी लाज बाळगायची.

सुरुवातीला तसा सरकारी नियमच होता, म्हणून मी स्वतःला समजावलं. लोकांशी रोज संबंध येणाऱ्यांनी अजून थोडे दिवस काळजी घ्यायची, ठीक आहे. पुढे तो नियमही गेला. दवाखाने सोडले तर कुठेच सक्ती उरली नाही. समोरच्या औषधाच्या दुकानातल्यांनी दुसऱ्या दिवशी मास्क काढले. या दुकानात नाही काढले. कारण विचारलं तर उत्तर एकच, "कंपनी पॉलिसी, मॅडम." गिऱ्हाइकांना स्वच्छ वाटतं म्हणे.

स्वच्छ! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. या दुकानातल्या मुली कंपनीच्या घरात एका खोलीत सहा जणी राहतात. रात्रभर एकमेकींच्या श्वासात झोपतात, सकाळी एका व्हॅनमधून येतात, आणि आठ वाजता माझ्यासाठी तोंड झाकतात. माझ्यासाठी, जी समोर उभी राहून बिनधास्त शिंकते. आजाराची भीती असती तर मास्क माझ्याही तोंडावर असता. मॅनेजरच्याही असता. तो काचेच्या केबिनमध्ये उघड्या तोंडाने कडक चहा पीत बसायचा, मला दिसायचा. मग हा मास्क कशासाठी होता? जसा एप्रन, जशी छातीवरची पाटी, तसा. कोण कुणाची सेवा करतंय ते लांबून कळावं म्हणून.

हे सगळं मी घरी येऊन अविनाशला ऐकवायचे. तो गॅस कंपनीत सेफ्टीचं काम बघतो. नियम हा त्याचा जिव्हाळ्याचा विषय.

"अगं, प्रत्येक जागेची पॉलिसी असते. आमच्या प्लँटवर हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत."

"हेल्मेट तुझं डोकं वाचवायला असतं. तिचा मास्क तिचं काय वाचवतो?"

"नोकरी वाचवतो," तो म्हणाला, आणि मोज्यांचा जोड शोधायला लागला. "तू दुकानात जाऊन भांडू नकोस म्हणजे झालं. यल्ला, उशीर होतोय."

तेव्हा मला त्याचा संताप आला होता. नोकरी वाचवतो, हे तो सहज बोलून गेला. ते खरंच तेवढंच होतं.

कॅशवर बिमला असायची. नेपाळची. तिला मी ओळखायला लागले तेव्हापासून तिच्या तोंडावर मास्कच होता, म्हणजे ओळखायचे ती कपाळ, डोळे आणि आवाज एवढ्यावर. डाव्या भुवईत एक बारीक खूण होती, लहानपणी पडल्याची असावी. दिवसभर मास्कची दोरी कानामागे रुतायची म्हणून तिने लोकरीची एक पट्टी विणली होती, दोन्ही टोकांना शर्टाचं एकेक बटण. पट्टी मानेवर घ्यायची आणि दोऱ्या कानांऐवजी बटणांना अडकवायच्या. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिला शाबासकी दिली होती. आता वाटतं, शाबासकी कसली देत होते मी? कान दुखू नयेत म्हणून एका बाईला स्वतः विणकाम करावं लागतं, आणि आपण म्हणतो, वा, काय कल्पना आहे.

ती माझ्या पिशवीत कोथिंबीर सगळ्यांत वर ठेवायची. कढीपत्ता ताजा आला असला की न विचारता सांगायची. गर्दी नसली तर दोन वाक्यं जास्त. तिची मुलगी चितवनला आजीजवळ असते, नववीत आहे, गणितात हुशार आहे. "मार्च में मेरा कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होगा, दिदी, इन्शाल्ला. फिर दो साल और. तब तक बेटी दसवीं पास हो जाएगी." नेपाळची हिंदू बाई इन्शाल्ला म्हणते आणि नाशिकची हिंदू बाई तिला "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणून दुजोरा देते, यात इथे कुणाला काही वावगं वाटत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीत तिचं सगळं त्या मार्चवर टांगलेलं होतं, आणि ते मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मला माहीत होतं.

आता लाडवांबद्दल सांगायला हवं. माझे तिळाचे लाडू कडक होतात. पाक जरा पुढे जातो. सासूबाई म्हणायच्या, हे लाडू नव्हेत, गोट्या आहेत. अविनाश आधी दाढेखाली ठेवून अंदाज घेतो आणि मग चावतो. सई नुसता चघळते. पण चव चांगली असते, वेलदोडा भरपूर, आणि मी ते सगळ्यांना देते. संक्रांतीच्या दिवशी पर्समध्ये डबा घेऊनच घराबाहेर पडते. इमारतीचा राखणदार, औषधवाला, तेव्हा सईच्या बसचा ड्रायव्हरही. आणि तेव्हा नुसता हातावर ठेवून मी पुढे जायचे नाही. खायला लावायचे. आत्ता, माझ्यासमोर, तोंडात. "नंतर खातो" म्हणणाऱ्याला मी सोडायचे नाही. आमच्याकडे सगळ्यांचं असंच. आग्रह केला नाही तर प्रेम पोहोचलं असं आम्हाला वाटतच नाही. समोरच्याचं पोट भरलेलं असो, पथ्य असो, तो नाही म्हणतोय हे त्याच्या तोंडावर दिसत असो, आम्ही वाढतोच. त्याचं तोंड दिसत नसेल तर मग विचारायलाच नको.

त्या संक्रांतीला दुकानात गर्दी होती. माझ्यामागे चार-पाच जण होते. बिमलाने सामान सरकवलं, मी डबा उघडला.

"बिमला, लो. आज संक्रांत है."

तिचे डोळे एकदम मोठे झाले. "दिदी, आज तो हमारा भी है! माघे संक्रांति. घर में आज सब तिल का लड्डू खाते हैं. कंद उबालते हैं, घी के साथ. मैं सुबह से सोच रही थी."

आता एवढं ऐकल्यावर माझ्यासारखी बाई थांबते का? "तो फिर खाओ ना. अभी खाओ, मेरे सामने."

"बाद में, दिदी. ड्यूटी पे..."

"बाद में नहीं. सण आहे," मी मराठीवरच आले. "एक लाडू. कोणी काही बोलत नाही."

कोणी काही बोलत नाही! काय खात्रीने सांगितलं मी. जणू दुकान माझ्या माहेरचं होतं.

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग मानेवरच्या पट्टीचं एक बटण सोडलं. मास्क एका बाजूला लोंबला आणि मी तिचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. मी मनात कल्पिला होता त्याच्यापेक्षा तो खूप तरुण होता. गालावर मास्कच्या कडेची लालसर रेघ, वरच्या दातांत थोडी फट, ओठ हिवाळ्याने फुटलेले. लाडू तोंडात घालून ती हसली. दोन वर्षं मी त्या हसण्याचा फक्त वरचा अर्धा भाग पाहत होते. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली.

मागच्या रांगेत कुणीतरी फोन वर धरला होता. ते मला तेव्हा दिसलं नाही. सुपरवायजर आला, तिने घाईघाईने मास्क वर ओढला. मी पिशव्या उचलल्या आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात ती काउंटरवर नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. शेजारच्या कॅशवरच्या मुलीने मान वर न करता सांगितलं, मागे टाकलंय, कांदे-बटाटे भरायला. मार्चमध्ये विचारलं तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "खलास, मॅडम. रिन्यू नहीं हुआ. गाँव चली गई."

खलास. एका बाईची दोन वर्षं, एका मुलीची दहावी, आणि वर हा एवढासा शब्द. तिचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. आडनावसुद्धा माहीत नव्हतं. छातीवरच्या पाटीवर नुसतं बिमला लिहिलेलं असायचं, आणि मला तेवढं पुरत होतं.

अविनाश नको नको म्हणत असताना मी मॅनेजरकडे गेले. काचेच्या केबिनमध्ये बसले, चहाला नाही म्हटलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, पण चांगलं बोलले. खोलीतल्या सहा जणींबद्दल बोलले, पाटीवरच्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल बोलले. म्हटलं, सरकारने काढलेला मास्क तुम्ही कोणत्या अधिकाराने ठेवलात? म्हटलं, तुमच्या तोंडावर कुठे आहे? म्हटलं, लाडू मी दिला, मी भरीला घातलं, शिक्षा तिला का?

त्याने शांतपणे ऐकलं. आपल्याकडचाच माणूस, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणारा, सभ्य. मग एक फाइल काढून माझ्यासमोर धरली. त्यात फोटो होता. कुणा गिऱ्हाइकाने तक्रारीबरोबर पाठवलेला. बिमला तोंड उघडून हसते आहे, मास्क एका कानाखाली लोंबतो आहे, आणि समोर माझा हात, माझी पर्स, माझा पोपटी पंजाबी ड्रेस. फक्त माझ्या चेहऱ्यावर कुणीतरी काळा गोल काढला होता.

"ये क्या है?" मी विचारलं.

"कस्टमर प्रायव्हसी, मॅडम. ये फोटो स्टाफ ट्रेनिंग में दिखाते हैं ना. आप का फेस कैसे दिखा सकते हैं?"

म्हणजे दोन वर्षं जिचं तोंड झाकलं, तिचं उघडं तोंड सगळ्या स्टाफला दाखवायला चालतं, आणि मी झाकलेली. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, पुसा तो गोल. आत्ता पुसा. माझं तोंड आहे ते, मला काही लपवायचं नाही.

तो ओशाळला असावा. फाइल स्वतःकडे वळवत हळूच म्हणाला, "मॅडम, आप ये सब उसी दिन सुपरवायजर को बोल देते तो बात वहीं खतम थी. कस्टमर ने बोला मैंने खिलाया, तो हम क्या कर सकते हैं? देखिए, रिपोर्ट में है." आणि सुपरवायजरने लिहिलेली शेवटची ओळ त्याने बोट ठेवून वाचली. "कस्टमर मेड नो कमेंट."

मी उठले. घरी आले. अविनाशने विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, काय म्हणणार, पॉलिसी.

त्यानंतर कधीतरी, कुणाला न सांगता, या दुकानाने मास्क काढून टाकले. पाटी गेली, हसरा चेहरा गेला. कसली नोटीस नाही, काही नाही. एका सकाळी सगळ्यांना तोंडं होती. ज्या पॉलिसीपायी एका बाईचं घर हललं, ती पॉलिसी इतकी बिनमहत्त्वाची होती की ती कधी संपली हेसुद्धा कुणाला सांगता येणार नाही. या गोष्टीचा मला अजूनही सगळ्यांत जास्त राग येतो, असं मी लोकांना सांगते. सांगायला ते सोपं आहे.

आज गूळ घेऊन मी त्या डागावर उभी होते. काउंटरवर नवीन मुलगी होती, कुठली ते विचारलं नाही. गोल चेहरा, नाकात चमकी. सणाला अजून दोन दिवस आहेत, तरी पहिला घाणा निघाला होता आणि डबा पर्समध्ये होता. मी एक लाडू तिच्या हातावर ठेवला. "थँक यू, मॅडम, बाद में खाऊँगी," म्हणत तिने तो कागदात गुंडाळून बाजूला ठेवला. मी बरं म्हटलं. आग्रह केला नाही. आताशा मी कुणालाच करत नाही. सईला वाटतं, आई सुधारली. "फायनली, आई," असं म्हणून ती गळ्यात पडते.

सुपरवायजर आला, तिने मास्क वर ओढला, मी पिशव्या उचलल्या आणि निघाले, असं मी वर लिहिलं. तीन वर्षं मी ते असंच सांगत आले आहे. त्याच्या मधे जे झालं ते असं आहे. सुपरवायजरने तिला विचारलं, "मास्क क्यों निकाला? किसने बोला?" मोठ्याने विचारलं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. बिमलाने हात तोंडावर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं, मी आता सांगेनच अशा खात्रीने. माझ्यामागे लोक होते, सईची बस यायची वेळ झाली होती, आणि चारचौघांत कोण कटकट करणार असंही वाटलं असेल. मी खाली बघून पिशवीत कोथिंबीर नीट ठेवत राहिले. ती आधीच नीट ठेवलेली होती. त्याने दुसऱ्यांदा विचारलं. तिचा जबडा हलत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तो लाडू काही फुटत नव्हता.

तिला उत्तर देता येत नव्हतं. मला येत होतं.